मुक्कामी सहलीला यायला शिक्षिका नकार देऊ शकते का? त्या दोन दिवसांचं काही मिळतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अनुदानित हायस्कूल, घरी दोन वर्षांचं मूल, आणि गणपतीपुळ्याच्या मुक्कामी सहलीला शनिवार-रविवार "यावंच लागेल, जादा काही मिळणार नाही" असं मुख्याध्यापकांनी सांगितलंय.

मी सांगली जिल्ह्यात हायस्कूलला होते, सहलप्रमुखही होते. आधी कडू तेवढं सांगून टाकते. ओव्हरटाइम विसरा. 1988 साली सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातल्या एका शिक्षिकेच्या खटल्यात निकाल दिला की तेव्हाच्या औद्योगिक विवाद कायद्याच्या व्याख्येत शिक्षक 'कामगार' बसत नाहीत. स्टाफरूममध्ये कोणीतरी शिक्षण हक्क कायद्याचं कलम 27 दाखवा म्हणेल. त्यात जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून इतर अशैक्षणिक कामांना मनाई आहे खरी, पण सहल शैक्षणिक उपक्रमातच धरली जाते. आणि त्याच कायद्यातले आठवड्याचे 45 तास? ते पहिली ते आठवीपुरते आहेत, तेही किमान म्हणून. जास्तीत जास्त किती, ते तिथे लिहिलेलंच नाही.

सहलीच्या एसटीत पुढे बसलेल्या ड्रायव्हरचे तास मात्र 1961 च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने बांधले (नोव्हेंबर 2025 पासून त्याच्या जागी नवी कामगार संहिता आली आहे). दिवसाला आठ, आठवड्याला 48, त्यावर गेलं की जादा पैसे. ते योग्यच आहे, पेंगुळलेल्या ड्रायव्हरच्या भरवशावर आंबा घाट कोण उतरणार? पण मागे मुलं सांभाळणारी बाई किती तास जागी आहे, हे कुठेच मोजलं जात नाही.

"बाई, तुम्हाला तर फुकट फिरायला मिळतं," हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेलच. फिरणं कसलं! घाट लागायच्या आधी अ‍ॅव्होमिनच्या गोळ्या आणि कॅरीबॅग वाटायच्या, तरी मागच्या सीटवरून "बाईऽऽ, हिला होतंय" येतंच. हॉटेलवर थांबलं की मुलींच्या रांगेशेजारी उभं राहायचं, शेवटची बाहेर आली की मग आपण जायचं. पुळ्याचा समुद्र दिसायला शांत, पण फसवा. तिथे मुलं गुडघाभर पाण्यात आहेत तोवर आपली नजर हलत नाही. रात्री भक्तनिवासाच्या हॉलमध्ये दाराला आडवं अंथरूण घालायचं, म्हणजे कोणी बाहेर जायला निघालं तर आपल्याला ओलांडूनच जावं लागेल. साडेबाराला गप्पा थांबतात, दोनला कोणाच्या तरी पोटात दुखतं, पाचला आंघोळीच्या बादल्यांवरून भांडण.

म्हणून पैशाच्या आधी कागदाचं बघा. 1 फेब्रुवारी 2016 ला मुरूडच्या समुद्रात पुण्याच्या कॉलेजची 14 मुलं बुडाली, त्यानंतर सहलीच्या परवानगीला अटींची लांबलचक शेपूट लागली. 18 जानेवारी 2024 ला वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटली, त्यात 12 मुलांबरोबर दोन शिक्षिकाही गेल्या. असं काही घडलं की पहिला प्रश्न सोबतच्या शिक्षकांना होतो, आणि तेव्हा "मला तोंडी सांगितलं होतं" याला शून्य किंमत. आपलं नाव, तारखा, कुठली मुलं कोणाकडे, हे सगळं असलेला मुख्याध्यापकांच्या सहीचा आदेश मागून घ्या. शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी आणि एसटीचा प्रासंगिक करार (सहलीसाठी अख्खी गाडी ठरवण्याचा) झालाय का तेही विचारा. एसटी शालेय सहलींना 50 टक्के सवलत देते, त्यामुळे "खासगी गाडी स्वस्त पडते" हे ऐकलं की मला तरी शंका येते.

त्याच आदेशात रविवारच्या बदल्यात बदली रजा लिहून मागा. हक्क म्हणून भांडण्यापेक्षा निघायच्या आधी मागितलेली रजा पदरात पडते. परत आल्यावर "बघू" होतं आणि मार्चमध्ये सगळे विसरतात.

आता नकाराचं. "येणार नाही" असं सपाट लिहिलंत तर कामात टाळाटाळ असा शेरा येऊ शकतो. त्याऐवजी लहान मुलाचं कारण लेखी द्या आणि सोबत पर्याय द्या: एक दिवसाची सहल मी घेते, किंवा मुक्कामाच्या दिवसांत राहिलेल्या वर्गांचे तास मी सांभाळते. तुमच्या सरांचीही अडचण आहे, मुली असल्या की बाई शिक्षिका लागतेच आणि स्टाफवर दोनच बायका असल्या तर ते तरी कोणाला पाठवणार? पालक-महिला प्रतिनिधी सोबत नेता येते का, हे सुचवून बघा. आमच्याकडे त्यावर एकदा मार्ग निघाला होता.

आणि एक, तुम्ही विचारलेलं नाही तरी. तुम्ही कायम असाल तर निदान अर्ज तरी करू शकता. तुमच्या जागी बहुतेक एखादी शिक्षण सेविका पाठवली जाईल, 18 हजार मानधनावरची, अजून कायम न झालेली, जिला तीन वर्षं संपेपर्यंत 'नाही' म्हणायची सोयच नसते. तिच्याही नावाचा लेखी आदेश निघालाय का, तेवढं बघा.