रोलबॅक म्हणजे 'शेवटचा बदल नाकारणे' नव्हे

"मीडियाविकीच्या एपीआयला रोलबॅक पाठवतो, उत्तर २०० येतं, कधी काहीच होत नाही, कधी नको तेवढं उडतं." नाकारलेले बदल स्क्रिप्टने काढू पाहणाऱ्या एकाची ही तक्रार वाचली आणि माझी जुनी जखम ठसठसली. (मीडियाविकी म्हणजे विकिपीडिया ज्यावर चालतो ते सॉफ्टवेअर, एपीआय म्हणजे प्रोग्रामने त्याला आदेश देण्याची वाट, रोलबॅक म्हणजे बदल मागे फिरवण्याचा आदेश आणि २०० म्हणजे सर्व्हरचं 'ठीक आहे'.)

पहिलं, म्हणजे 'काहीच होत नाही', ते चटकन सांगतो. चूक झाली तरी मीडियाविकी सहसा २००च देतं, चूक उत्तराच्या पोटात 'एरर'मध्ये असते. लॉगिन आणि टोकन (प्रत्येक बदलासोबत पाठवायची सुरक्षा-खूण) तुम्हाला जमलंय असं धरतो.

दुसऱ्यात, म्हणजे 'नको तेवढं उडतं' यात, मी पोळलोय. कंपनीच्या विकीवर मशीनच्या देखभालीच्या सूचना होत्या. साहेबांनी 'नामंजूर' दाबलं की माझी स्क्रिप्ट रोलबॅक मारायची. पण रोलबॅकला बदलाचा क्रमांक देताच येत नाही. द्यायचं पान आणि सदस्यनाव. त्या सदस्याने ओळीने केलेले सगळे बदल जातात, थेट आधीच्या दुसऱ्या माणसाच्या आवृत्तीपर्यंत. आमच्या एका मॅडमनी दुपारभर बसून एकाच पानावर १९ वेळा सेव्ह केलं होतं. शेवटच्या वेळी टॉर्कचा (बोल्ट किती घट्ट आवळायचा त्याचा) आकडा चुकला. नामंजूर झाला एक, गेले १९. तीन आठवडे कुणाला पत्ता नाही, तोवर दोघांनी त्यावर लिहून टाकलेलं. रोलबॅक उलटवायला गेलो तर 'अनडूफेल्युअर', म्हणजे नंतरच्या बदलांमुळे उलटवता येत नाही अशी चूक. दोन शनिवार हाताने जुळवत बसलो. घाबरून होस्टिंगवाल्यांकडे बॅकअप मागितला, तर तीन दिवसांनी "आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे." काय काढलं, देव जाणे! खरं तर सगळं पानाच्या इतिहासात होतंच, पण तेव्हा डोकं ठिकाणावर नव्हतं.

माझं स्पष्ट मत: एखादाच बदल नाकारायचा असेल तर रोलबॅकला हात लावू नका. एपीआयच्या 'एडिट' आदेशाला 'अनडू' या रकान्यात त्या आवृत्तीचा क्रमांक द्या. टोकन सीएसआरएफचं, म्हणजे साध्या संपादनाचं, लागतं, रोलबॅकचं चालत नाही. मधल्या बदलांशी जुळलं नाही तर अनडू सरळ नकार देतो. तो नकार माणसापुढे ठेवा, स्क्रिप्टला पुन्हा पुन्हा धडका मारायला लावू नका. रोलबॅक फक्त उपद्रवी खात्यांसाठी. जाता जाता, आदेशाला 'असर्ट=यूजर' जोडा; लॉगिन उडालं असेल तर बदल अनामिक पडण्याऐवजी चूक येते.

अर्थात आमची विकी तीसेक माणसांची. विकिपीडियावर हे करणार असाल तर आधी तिथे बॉटची (आपोआप बदल करणाऱ्या प्रोग्रामची) परवानगी घ्या, नाहीतर खातं जाईल.

आणि बदलाच्या सारांशात नामंजुरीचं कारण टाका. मॅडम माझ्यावर चिडल्या नाहीत, एवढंच म्हणाल्या, "का काढलं ते तरी लिहायचंस."