संगमावर वल्हे हाती घेण्याआधी

प्रश्न : माझ्या मुलीला यंदा पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात, म्हणजे आताच्या सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठात, प्रवेश मिळाला असून तेथील बोट क्लबमध्ये जाण्याचा तिने हट्ट धरला आहे. आम्ही लातूरचे. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने आलेले पाणी प्यायलेली आम्ही माणसे; नदीशी आमचा संबंध तो कितीसा? पोहणे तिला जुजबी येते. त्यातून पुण्याच्या नदीचे पाणी घाण असते आणि पावसाळ्यात धरणातून पाणी सोडतात, असेही ऐकतो. तिला परवानगी द्यावी का?
– एक पालक, लातूर

उत्तर : परवानगी जरूर द्यावी, मात्र तिचे पोहणे पक्के झाल्यावरच तिने बोटीत पाय ठेवावा. आपल्या तिन्ही शंका रास्त आहेत, पण त्यांचे वजन सारखे नाही आणि पोहण्याची शंका सर्वांत जड आहे.

आधी हे पाणी कसले आहे ते समजून घ्या. मुळा आणि मुठा यांचा संगम महाविद्यालयाच्या अगदी जवळ होतो आणि तेथून मुळा-मुठा पूर्वेकडे वाहत जाते. खाली बंडगार्डनजवळ एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून बंधारा बांधला गेला आणि त्याच्या फुगवट्यामुळे वरच्या पट्ट्यात बारमाही, संथ पाणी राहू लागले. पुण्यात नौकानयन रुजले ते या संथ पाण्यामुळे. १८६८ मध्ये स्थापन झालेला रॉयल कॅनॉट बोट क्लब याच नदीकाठचा आणि महाविद्यालयाचा रेगाटा, म्हणजे बोटींचा वार्षिक सोहळा, तोही १९२८ पासूनचा. त्या संध्याकाळी मशाली घेतलेल्या मुलांच्या बोटी पाण्यावर आकृत्या रचतात. आपण तो सोहळा एकदा काठावर बसून पाहावा, असे मी आग्रहाने सुचवतो.

याच बंधाऱ्याची दुसरी बाजूही आहे. थांबलेल्या पाण्यात सांडपाण्यातील नत्र आणि स्फुरद साठून राहते, त्यावर जलपर्णी पोसते आणि उन्हाळ्यात पाहता पाहता नदी हिरव्या गालिच्याखाली जाते. जलपर्णीत वल्ह्याचे पाते अडकले की बोट जागीच फिरते आणि तोल जातो, म्हणून तिच्या कडेनेसुद्धा जाऊ नये. पाण्याच्या घाणीविषयी मी आपली खोटी समजूत घालणार नाही. हे पाणी तोंडात जाता कामा नये. हातापायाला जखम असेल तर त्या दिवशी सराव बंद ठेवावा, कारण लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या रोगाचे जंतू अशा जखमेतून शरीरात शिरू शकतात. आणि सराव संपताच साबणाने स्वच्छ अंघोळ करावी. पाण्यात पडल्यानंतर काही दिवसांत ताप आला, तर नदीच्या पाण्याशी संबंध आल्याचे डॉक्टरांना आपण होऊन सांगावे. एवढे पाळून वर्षानुवर्षे वल्हवणारी माणसे मी पाहिली आहेत. नदी स्वच्छ व्हायलाच हवी, पण ती होईपर्यंत तिच्याकडे पाठ फिरवणे मला मान्य नाही.

धरणाच्या पाण्याचे म्हणाल, तर तेथे तडजोड नाही. मुठेत खडकवासल्याचा विसर्ग येतो, तर मुळेत मुळशीचा आणि दापोडीजवळ मिळणाऱ्या पवनेचा. म्हणजे संगमावर तिन्हीकडचे पाणी एकत्र होते. २५ जुलै २०२४ रोजी खडकवासल्यातून सुमारे ३५,००० क्युसेक पाणी सोडले गेले आणि सिंहगड रस्त्यावरील वस्तीत पाणी शिरले. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर, हे ध्यानात घेतले तर सेकंदाला जवळजवळ दहा लाख लिटरचा हिशेब होतो. अशा लोंढ्यात बंधाऱ्याकडे ओढली गेलेली बोट माणसाच्या बळाने परत फिरत नाही आणि बंधाऱ्याखाली उलटे फिरणारे पाणी पट्टीच्या पोहणाऱ्यालाही बाहेर येऊ देत नाही. म्हणून पावसाळ्यात विसर्ग सुरू असेपर्यंत बोटी वर ओढून ठेवायच्या आणि व्यायाम जमिनीवर करायचा. पुण्यातला मुठेवरचा बुटका भिडे पूल पाण्याखाली गेल्याची बातमी आली, म्हणजे तिने नदीकडे फिरकूही नये, एवढी खूणगाठ आपण लातुरात बसूनही बांधू शकता. वळवाच्या दिवसांत वाऱ्याचाही भरवसा नसतो. २१ मे २०२४ रोजी उजनीच्या जलाशयात कुगावहून कळाशीकडे निघालेली प्रवासी होडी वादळी वाऱ्यात उलटून सहा जणांचा जीव गेला. ढग दाटून आले की बोट काठाला लावायची. एक फेरी राहिली म्हणून काही बिघडत नाही.

आता पोहण्याविषयी. शर्यतीची एकेरी स्कल, म्हणजे एकट्याने दोन वल्ह्यांनी चालवायची बोट, सुमारे आठ मीटर लांब, अवघ्या चौदा-पंधरा किलोंची आणि बसणाऱ्याच्या कमरेला जेमतेम पुरेल इतकी अरुंद असते. तिचा तोल दोन्ही हातांतल्या वल्ह्यांवर असतो. पाती पाण्यावर आडवी टेकलेली असली की ती स्थिर राहते आणि एक मूठ सुटली की क्षणात उलटते. शिकताना पाते हमखास कधीतरी पाण्यात तिरपे रुतते, मूठ पोटात बसते आणि आपण थंड पाण्यात असतो. म्हणून पाण्यात पडणे हा अपघात न मानता पहिला धडा मानावा आणि तो प्रशिक्षकासमोर मुद्दाम गिरवून घ्यावा. बोटीत जडवलेल्या बुटांतून पाय झटकन सोडवायचे, बोटीला धरून राहायचे आणि मदत येईपर्यंत तिला सोडायचे नाही. बोट तरंगतेच; काठ जवळ दिसतो म्हणून ती सोडून पोहत निघणे ही नवशिक्यांची सर्वांत घातक चूक होय. कपड्यांसह पन्नास मीटर पोहता यावे आणि पाच मिनिटे जागच्या जागी तरंगता यावे, ही माझ्या मते किमान पात्रता आहे. तलावात दीड-दोन महिने नेमाने गेल्यास ती सहज येईल. त्यानंतरही पहिले काही महिने लाइफ जॅकेट अंगावर हवेच आणि एकटीने बोट काढायची नाही. वल्हवणाऱ्याची पाठ जायच्या दिशेला असते, त्यामुळे दर चार-पाच वल्ह्यांनी मान वळवून मागे पाहण्याची सवय पहिल्याच दिवशी लावून घ्यावी.

नदी नसलेल्या गावाची मुलगी म्हणून आपण कचरू नका. चांदवड तालुक्यातील तळेगाव रोही या दुष्काळी गावाचे दत्तू भोकनळ लष्करात भरती झाल्यावर रोइंग शिकले आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरी स्कलमध्ये तेरावे आले. पुढे २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या संघातून त्यांनी सुवर्णपदक मिळवले.

प्रश्न : माझे वय ५४ आहे आणि गुडघे कुरकुरतात. या वयात वल्हवायला शिकता येईल का?
– एक वाचक, पिंपरी

उत्तर : येईल. वल्हवताना शरीराचे वजन सरकत्या बैठकीवर असल्याने धावण्यात बसतात तसे हादरे गुडघ्यांना बसत नाहीत. परंतु गुडघे पूर्ण दुमडावे लागतात, म्हणून अस्थितज्ज्ञांचा सल्ला आधी घ्यावा. हा खेळ हातांचा वाटतो, प्रत्यक्षात जोर पायांचा असतो आणि तो जोर कंबर वाकडी ठेवून लावला की पाठ धरते. पहिला महिना व्यायामशाळेतील रोइंग यंत्रावर, कमी जोराने आणि कोणाला तरी बाजूने पाहायला सांगून घालवावा. बोट निवडताना शर्यतीच्या अरुंद बोटीऐवजी रुंद बुडाची सरावाची बोट मागावी. हाताला बोटांच्या मुळाशी फोड येतील. ते फोडू नयेत आणि सुकेपर्यंत नदीच्या पाण्यापासून दूर राहावे.