अंड्याचा बलक हिरवट का?

प्रश्न : घरच्या अंडी देणाऱ्या कोंबड्यांना सरकी पेंड घालतो. अंडी काही दिवस ठेवली की बलक हिरवट पडतो. रोग असेल का?

उत्तर : रोग नाही, पेंडच. सरकीतले गॉसिपॉल हे द्रव्य बलकातल्या लोहाशी जुळते आणि साठवणीत बलक हिरवट पडतो. पेंडीत तेल जास्त उरले असेल तर अंड्याचा पांढरा भागही गुलाबी होतो. पेंड गाईम्हशींकडे वळवा. रंग सुधारायला काही आठवडे लागतील.

सरकी पेंडीऐवजी कोंबड्यांना असे खाद्य द्या : १० किलो खाद्यात मका ५.३, सोयाबीन पेंड २.२, तेल काढलेला भाताचा कोंडा १.५, शिंपल्यांचा चुरा ०.८ आणि खनिज मिश्रण ०.२ किलो. गिरणीतला ताजा कोंडा स्वस्त दिसतो, पण लवकर खवट होतो. बुरशीचा वास आलेला मका धुऊन-वाळवूनही वापरू नका, अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचे विष तसेच राहते.