कूलिजची इंजिन रूम : पहिल्याच दिवशी नको

स्कूबा डायव्हिंगचा ॲडव्हान्स्ड कोर्स झालाय, 30 मीटरपर्यंत गेलोय, तर वानुआतूला बुडालेल्या 'प्रेसिडेंट कूलिज' या दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन सैनिकी जहाजाची इंजिन रूम जमेल का, असं विचारलंयत. जमेल, पण पहिल्या दिवशी अजिबात नाही.

हे जहाज फसवं आहे हो. बोटीची भानगड नाही, किनाऱ्यावरून चालत पाण्यात शिरायचं, दोरीच्या कडेने उतरत गेलं की 20 मीटरच्या आसपास नाळ, म्हणजे जहाजाचं पुढचं टोक, दिसायला लागते, पाणी पण कोमट, त्यामुळे माणूस गाफील होतो. पण हे जवळजवळ 200 मीटर लांब धूड उतारावर डाव्या कुशीवर पडलंय आणि मागचं टोक 70 मीटरच्या घरात आहे, म्हणजे नुसतं जहाजाच्या कडेने बघत बघत पुढे गेलात तरी खोली वाढतच जाते.

26 ऑक्टोबर 1942 ला ते अमेरिकेच्याच सुरुंगांवर गेलं, कॅप्टनने किनाऱ्यावर चढवलं म्हणून पाच हजारांवर लोक वाचले, गेले फक्त दोघं. त्यातले कॅप्टन युअर्ट (जहाजाचे नव्हे, सैन्यातले कॅप्टन) आजारी सैनिकांना काढायला परत आत शिरलेले, त्यांचे अवशेष थेट 2012 मध्ये सापडले.

इंजिन रूम पंचेचाळीस-पन्नास मीटरच्या मधे. म्हणजे हौशी डायव्हिंगची 40 मीटरची मर्यादा ओलांडलीच, आणि तिथे हवा वरच्यापेक्षा जवळपास 6 पट वेगाने संपते. वर मिनिटाला 20 लिटर लागत असेल तर खाली 120 च्या आसपास, 12 लिटरचा सिलिंडर 200 बारने भरला तर झाले 2400, त्यातला एक तृतीयांश जायला, एक यायला, एक राखीव. जायच्या वाट्याला जेमतेम सात मिनिटं, त्यातच उतरणं पण आलं! एका सिलिंडरवर हे करायचंच नाही.

वर नार्कोसिस, म्हणजे खोलीवर नायट्रोजनमुळे चढणारी गुंगी. आणि आत सगळंच आडवं, फरशी भिंत झालेली, दारं पायाखाली आणि डोक्यावर, डोकं तरतरीत असतानाही दिशा चुकते. बुडबुडे वर लागले की गंजाचे पापुद्रे भुरुभुरु खाली येतात, आलात ती वाट दोन मिनिटांत धूसर.

म्हणून आधी प्रोमनाड डेक (प्रवाशांचा फेरफटक्याचा डेक) करा, बंदुका, हेल्मेट, गॅस मास्क सगळं तिथेच पडलंय. मग 'द लेडी', ती युनिकॉर्नवाली चिनी मातीची बाई, साधारण 40 मीटरवर. (सगळे तिच्या फोटोसाठी मरतात, मला विचाराल तर डेकच भारी.) त्यात गेज बघायचं भान राहतंय, श्वास शांत आहे असं तिथल्या गाइडला दिसलं की तोच पुढचं बोलेल, तुम्ही मागे लागू नका. इंजिन रूमसाठी डेकोचं (डीकम्प्रेशन, म्हणजे वर येताना ठरलेल्या खोलीवर थांबत थांबत येणं) ट्रेनिंग, दुसरा सिलिंडर आणि दोन टॉर्च हवेतच.

डेकोचे स्टॉप वरच्या कोरलमध्ये होतात, कंटाळा येत नाही. आतलं काही उचलू नका, 1983 पासून बंदी आहे. आणि परतीचं विमान शेवटच्या डायव्हनंतर निदान 24 तासांनी ठेवा, डेको केलं असेल तर त्याहून जास्त.