प्रश्नोत्तरे : कातळातील जागता प्रस्तरभंग

प्रश्न : किल्लारीसारख्या भूकंपानंतर कातळातील असंख्य भेगांपैकी सक्रिय प्रस्तरभंग (जिच्या दोन्ही बाजू एकमेकींवरून सरकतात अशी भेग) कोणता, हे भूवैज्ञानिक कसे ठरवतात?

उत्तर : बहुतेक भेगा निरुपद्रवी असतात, बेसाल्ट (लाव्हापासून बनलेला काळा कातळ) थंड होताना पडलेल्या सांध्यांच्या दोन्ही बाजू एकमेकींवरून सरकलेल्याच नसतात, त्यामुळे पहिली चाचणी सरकण्याची. प्रस्तरभंगाच्या प्रतलावर घासून आलेली चकाकी आणि समांतर ओरखडे दिसतात, व ओरखड्यांवरून हालचालीची दिशा कळते. परंतु ही हालचाल कोट्यवधी वर्षांपूर्वीचीही असू शकते, आणि खरी अडचण तेथेच आहे. भरडलेल्या खडकाचा चुरा मऊ, चिकणमातीसारखा राहिला असेल तर संशय वाढतो. उलट त्याला आरपार छेदणारी कॅल्साइट या खनिजाची अखंड शीर आढळली, तर ती शीर तयार झाल्यानंतर तेथे हालचाल झालेली नाही, असे म्हणता येते. मऊपणा हा मात्र पुरावा नव्हे, कारण निव्वळ झिजेनेही खडक मऊ होतो.

म्हणूनच वर माती असलेली जागा शोधून चर खणतात; मातीचे अलीकडचे थरही तुटलेले असतील तर हालचाल त्यांच्यानंतरची ठरते. ३० सप्टेंबर १९९३ च्या ६.२ तीव्रतेच्या भूकंपानंतर किल्लारीजवळ जमीन तुटक रेषेत उचललेली दिसली आणि तेथे चर खणून थरांची तपासणी झाली. तेथील सुमारे ३३८ मीटर जाडीच्या बेसाल्टखालचा ग्रॅनाइटी पाया चरांतून दिसणे अशक्यच. त्यासाठी विंधनविवर (यंत्राने पाडलेले खोल छिद्र) घ्यावे लागले. पश्चात् धक्क्यांची केंद्रे एखाद्या प्रतलावर जुळली, तर खोलवरचा भंगही रेखाटता येतो.