कोण अडवतंय तुला?

«ताई, मी एकतीस वर्षांची आहे. डोंबिवलीत राहते, दादरला नोकरी करते. मुलगी दहा महिन्यांची. बाळंतपणाची २६ आठवड्यांची रजा संपली आणि पुन्हा कामावर जायला लागले. दिवसभर मुलीला सासूबाई बघतात. विणकाम आणि शिवण ही माझी लग्नाआधीपासूनची आवड. पहिल्या पगारातून शिलाई मशीन घेतलं होतं, आता त्यावर इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग असतो. पाचवा महिना चालू असताना बाळासाठी पिवळा स्वेटर विणायला घेतला. मागचा भाग झाला, पुढचा बगलेपर्यंत आला आणि तिथेच सुईवर राहिला. आता तो तिच्या अंगात शिरणारसुद्धा नाही. सासूबाई म्हणतात, ‘एवढ्या उकाड्यात स्वेटर कशाला? आणि लागलाच तर रेडिमेड मिळतो की.’ नवरा चांगला आहे. रविवारी सकाळी क्रिकेट खेळून आला की मुलीला अंघोळ तोच घालतो. तो म्हणतो, ‘कर ना, कोण अडवतंय तुला?’ खरंच कोणी अडवत नाही. पण सुया हातात घेतल्या की मुलीचं काहीतरी चोरल्यासारखं वाटतं, आणि नाही घेतल्या की सगळ्यांवर चिडचिड होते. परवा तिला थोपटताना मनात आलं, झोप ना गं बाई, मला दोन ओळी विणायच्यात. मग इतकी लाज वाटली. मला बाळापेक्षा लोकर प्यारी आहे का?»

प्रिय मैत्रिणी,

माझ्या मुलीच्या वयाची आहेस, म्हणून सरळ ‘तू’ म्हणते.

तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण तो तुला झोपू देत नसणार. नाही, तुला लोकर बाळापेक्षा प्यारी नाही. सकाळपासून तू ऑफिसची आहेस, मग गाडीची, मग स्वयंपाकाची, मग मुलीची. रात्री साडेदहाला त्या अंधाऱ्या खोलीत थोपटताना तुला स्वतःच्या अर्ध्या तासाची आठवण झाली, एवढंच घडलं. ‘झोप ना गं बाई’ असं मनात न म्हणता मूल वाढवलेली एकही आई मला माहीत नाही.

आता नवऱ्याच्या वाक्याकडे येते. तुझं सगळं पत्र मला त्या एका वाक्यात अडकलेलं दिसतं. ‘कर ना, कोण अडवतंय?’ हे तो प्रेमाने म्हणतो, यात मला शंका नाही. पण त्याने तुला परवानगी दिली, आणि परवानगी तू मागितलीच नव्हतीस. तुला हवाय तो वेळ. तू सुया घेऊन बसलीस तर त्या वेळात मुलीला पेज कोण भरवणार, तिने दुपटं ओलं केलं तर कोण बदलणार, दारावर कुरियरवाला आला तर कोण उठणार, हे त्या वाक्यात कुठेच नाही. म्हणून कोणी अडवत नसूनही तू अडलेली आहेस.

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये देशभर माणसं दिवसाचा वेळ कशात घालवतात याची पाहणी केली होती. घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांची दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात जात होती, आणि पुरुषांची ९७. हे ९७ सुद्धा जे पुरुष घरकामाला हात लावतात त्यांचे, आणि असे पुरुष चारांत एक. मुलांना सांभाळण्याचा वेळ यात धरलेला नाही, तो वेगळा. हे आकडे नवऱ्यासमोर आपट असं मी म्हणत नाही. तुझा वेळ तुझ्या आळसामुळे किंवा नियोजन जमत नाही म्हणून हरवलेला नाही, एवढं तुला स्वतःला कळावं म्हणून सांगितले.

त्याचं क्रिकेट बघ. रविवारी सकाळी तो जातो, आणि घरची कामं उरकली तर जाईन असं म्हणत नाही. दहा जण मैदानावर वाट बघत असतात, म्हणून तो वेळ पक्का असतो आणि घरही तो धरून चालतं. तुझी मैदानावर कोणी वाट बघत नाही. विणकाम घरातच, एकटीने, उरलेल्या वेळात करायचं, आणि दहा महिन्यांच्या बाळाच्या घरात वेळ उरत नाही. तेव्हा तुझ्याही वेळेला वार आणि घड्याळ लागेल. त्याच्याशी बोलताना ‘मला वेळच मिळत नाही’ असं म्हणू नकोस, त्यावर तो पुन्हा तेच वाक्य म्हणेल. असं सांग: ‘शनिवारी चार ते सहा मुलगी तुझ्याकडे. तिचं खाणं, शी-शू, रडणं सगळं त्यात आलं. मी आतल्या खोलीत असेन.’ एवढंच. कारण द्यायचं नाही, आणि त्याबदल्यात संध्याकाळी चार भाज्या जास्त करायच्या नाहीत.

आणि हे दोन तास सासूबाईंच्या वाट्यातून काढू नकोस. हे मी मुद्दाम सांगते, कारण सगळ्यात सोपं तेच असतं. तू सकाळी निघतेस तेव्हापासून तू परत येईपर्यंत त्या रांगणाऱ्या मुलीमागे फिरतात. या वयात ते किती दमवतं हे माझे गुडघे सांगतील. त्यांच्या ‘रेडिमेड मिळतो की’मध्ये तुझ्यावरचा राग किती आणि त्यांचा स्वतःचा शीण किती, हे एकदा शांतपणे ऐकून बघ. शनिवारी त्याही मोकळ्या असू देत, देवळात जाऊ देत, टीव्ही बघू देत. मूल बापाकडे.

स्वेटरच्या बाबतीत मात्र त्या म्हणतात ते खरंच आहे. डोंबिवलीत स्वेटरची थंडी किती दिवस पडते? लोकर आणि मेहनत धरली तर दुकानातलं स्वस्त पडतं. तेव्हा पैशाचा किंवा उबेचा वाद घालू नकोस, त्यात तू हरशील. ‘आई, मला विणायला आवडतं,’ एवढं एक वाक्य म्हण. आपल्याला हे म्हणायची सवय नाही.

माझी आई उन्हाळ्यात दुपारी गोधडी शिवायला बसायची. आजी आम्हाला पडवीत घेऊन बसायची आणि कोणी हाक मारली तर सांगायची, ‘ती शिवायला बसलीय, तिला उठवू नका.’ जुन्या पातळांचे थर, काठाकडून आत जाणारा धावदोरा, सगळे टाके तांदळाच्या दाण्याएवढे. तिला कधी कोणी बोललं नाही, कारण गोधडी घराला लागतच होती. पण मधल्या चौकात लाल खणाचे तुकडे ती अर्धा अर्धा तास मांडून, उचलून, पुन्हा मांडून बघायची, ते काही घराला लागत नव्हतं. ते तिचं होतं. उपयोगाच्या आडोशाला तिला तिची आवड जपता आली. आता स्वेटर आणि पांघरुणं दुकानात मिळतात, आडोसा गेला, म्हणून तुझी आवड उघड्यावर पडलीय आणि तुला ती चोरी वाटते. मला वाटतं तू बाळासाठी स्वेटर विणायला घेतलास तोही नकळत त्या आडोशासाठीच. बाळाचं म्हटलं की कोणी काही बोलत नाही.

म्हणून माझा सल्ला असा, आणि तो तुला आधी आवडणार नाही: तो स्वेटर उसव.

तो सुईवर आहे तोवर प्रत्येक वेळी कपाट उघडलं की तो तुला सांगणार, मुलगी वाढली आणि तुझं झालं नाही. सुई काढ, धाग्याचं टोक धर आणि ओढ. मागच्या भागाचं टोक सापडलं की तोही. धागा नागमोडी निघेल. तो खुर्चीच्या पाठीवर गुंडाळून लडी कर, चार ठिकाणी सुती दोऱ्याने सैल बांध, कोमट पाण्यात थोडा वेळ बुडव आणि न पिळता बाथरूमच्या दांडीला सावलीत टांग. सुकेपर्यंत वाक बराच जातो. मग गुंडा कर. आता त्या पिवळ्या लोकरीचं तुझ्यासाठी काहीतरी विण. बाळासाठी, सासूबाईंसाठी, नणंदेच्या मुलासाठी नको. तुझ्या ऑफिसात एसी असेल, तर गळ्याभोवती घ्यायला तिकोनी स्कार्फ विण.

त्याची रीत तुझ्यासारखीच्या दिवसांना बरोबर बसते. दहा नंबरच्या सुईवर तीन टाके घाल. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला एक टाका वाढव आणि पूर्ण ओळ सुलटच विण, मागून-पुढून दोन्हीकडून सुलट. उलट टाका नाही, नक्षी नाही, मोजमाप नाही. कितवी ओळ होती हे लक्षात ठेवावं लागत नाही, आणि ते महत्त्वाचं, कारण तुझ्या डोक्यात आत्ता तिच्या डोसाची तारीख आणि संपत आलेलं नाचणीसत्त्व आहे. सोडायची वेळ आली तर ओळ पुरी करून सोड, आणि सुईच्या टोकावर खोडरबराचा तुकडा खोचून ठेव म्हणजे टाके निसटत नाहीत. लोकर संपत आली, साधारण तीनेक ओळींची राहिली, की टाके सैल हाताने बंद कर. जेवढी लोकर तेवढा स्कार्फ. तो अर्धवट राहूच शकत नाही.

‘मुलीला शेजारी खेळवत विण’ असं तुला कोणीतरी सांगेलच. दहा महिन्यांच्या मुलीपाशी ते करू नकोस. ती धागा ओढणार, सुई तोंडात घालणार, आणि तू विणण्याऐवजी दोन तास तिच्या हातातून वस्तू काढत बसणार. मशीनचं तर त्याहून कडक: वापरून झालं की प्लग काढायचा, पायडल उचलून वर ठेवायचं, टाचण्या आणि बटणं मोजून झाकणाच्या डब्यात. दुसरं मोठं माणूस मुलीपाशी असल्याशिवाय ही कामं होत नाहीत, हे नवऱ्याला सांगताना हेही सांग.

मशीनबद्दल अजून थोडं. विणकाम तुकड्या-तुकड्यांत होतं, शिवणाला सलग वेळ लागतो, कारण कापड अंथरायचं, बेतायचं, आणि मधे उठलं तर खुणा कुठे केल्या तेच विसरतं. म्हणून आत्ता फ्रॉक-ब्लाउजच्या मागे लागू नकोस. एका शनिवारी फक्त कापून ठेव, पुढच्या शनिवारी टिपा मार. उशीचा अभ्रा, कापडी पिशवी, एवढंच. पण इस्त्रीचे कपडे त्या मशीनवरून आजच उचल, वेळ मिळो न मिळो. ते तुझं मशीन आहे.

गाडीबद्दल तू काही लिहिलं नाहीस. डोंबिवलीहून सुटणाऱ्या गाडीत बसायला मिळत असेल तर बायकांच्या डब्यात विणणाऱ्या तुला दिसतच असतील. गर्दीत लांब सुया शेजारणीला टोचतात. क्रोशाची सुई, नाहीतर मधे नायलॉनची दोरी असलेली गोल सुई बरी. पण डोळे मिटत असतील तर झोप. रात्री मुलगी किती वेळा उठते ते तुलाच माहीत. त्या डब्यात एखादी विणणारी डोंबिवलीचीच निघाली, तर तिला शनिवारी घरी बोलाव, किंवा तू तिच्याकडे जा. मग तुझीही कोणीतरी वाट बघेल, आणि तो शनिवार तुझ्याच्याने सहज मोडवणार नाही.

एक गोष्ट विचारते, रागावू नकोस. मुलगी झोपलेली असतानाही तुला झोप लागत नाही, उगाच रडू येतं, सुया हातात घ्याव्यात असंही वाटेनासं झालंय, असं बरेच दिवस चाललंय का? असेल तर ते विणकामाने बरं होणार नाही. बाळंतपणानंतर वर्षभरात असं होऊ शकतं आणि त्याला उपचार आहे. तुझ्या बाळंतपणाच्या डॉक्टरांशी बोल. १४४१६ हा सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सेवेचा नंबर आहे, तिथे मराठीतही बोलता येतं. पत्रावरून मला तसं वाटलं नाही, चिडचिड करायला तुझ्यात अजून बळ आहे. तरी विचारलेलं बरं.

माझंही सांगते. थोरली आठ महिन्यांची असताना मी भरतकामाची रिंग कापडासकट माळ्यावर टाकली, म्हटलं हिला जरा चालू तर दे. खाली काढली तेव्हा ती कॉलेजात जात होती. रिंगच्या स्क्रूचा गंज कापडात उतरला होता आणि फुलांभोवती तपकिरी गोल पडला होता. धुतला, लिंबू चोळलं, गेला नाही. मला कोणी अडवलं नव्हतं. ‘शनिवारी चार ते सहा’ हे मी कोणाला म्हटलंच नाही.

तू म्हण. पहिल्या शनिवारी मुलगी दाराशी येऊन रडेल, हे धरून चाल. तिला तू आत आहेस हे कळतं. तुझा हात कडीकडे जाईल. थोडं थांब, ओळ पुरी कर. बाहेर तिचा बाबा आहे, त्याला तिला उचलायला वेळ दे.

तुझी,
ताई