कुलूप लावू नकोस

अगं, परवा जिन्यात भेटलीस तेव्हा आईसमोर बोलता आलं नाही म्हणून लिहितोय. तुझा भाऊ म्हणतो ठाण्याला घोडबंदरला चला, इथल्या खोलीला कुलूप लावू, बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली की बघू. आणि तू म्हणालीस, काका, मला भुलेश्वर सोडायचं नाहीये पण कारण सांगता येत नाही.

कारण कशाला हवं? फक्त कुलूप लावू नकोस.

मी लावलं होतं. ९६ साली हिचे गुडघे गेले, तीन लाकडी जिने दोरी धरून चढायची, म्हणून बदलापूरला गेलो आणि नऊ महिन्यांत मालकाची नोटीस. पागडीची, म्हणजे एकरकमी पैसे देऊन भाड्याने घेतलेली, खोली मालकीची नसते गं, सबळ कारण नसताना सलग सहा महिने वापरली नाही तर मालक ताबा मागू शकतो. सात वर्षं केस चालली, हिच्या पाटल्या खालीच झवेरी बाजारात मोडल्या. खोली राहिली.

आणि तुझं तर अजून सोपं आहे, कळत कसं नाही? भाडेकरूचा हक्क बाबा गेले तेव्हा त्यांच्याबरोबर राहणाऱ्या घरच्या माणसाकडे येतो. ती माणसं तू आणि आई. भाऊ कधीचा ठाण्यात.

वरच्या मजल्यावर जाऊन बघ, सहापैकी चार खोल्यांत इमिटेशन ज्वेलरीचे गोडाऊन. सगळ्यांनी आधी कुलूपच लावलं होतं. मुंबादेवीचं देऊळसुद्धा पूर्वी बोरीबंदराच्या बाजूला होतं, तिथून उठवून इथे आणलं, इथला तिचा तलाव पण बुजवला, तरी पहाटे आरतीला उभं राहायला माणसं आहेत कारण माणसं आजूबाजूला राहतायत. गोडाऊन काय आरतीला येणारे?

लोक म्हणतात तुझ्या हट्टापायी बायको शेवटपर्यंत तो जिना चढली. मला नाही पटत. पहाटे फुलगल्लीत जायची, ओल्या फडक्यातली शेवंती हाताने चाचपून घ्यायची, वेणी तिथेच माळून वर यायची, धापा टाकत पण हसत. बदलापूरला नऊ महिन्यांत एकदाही तिने वेणी माळली नाही. तिलाही इथेच राहायचं होतं, मला खात्री आहे. विचारलं मात्र कधी नाही. तू आईला विचार, आजच विचार.

तिला जिना झेपत नसेल तर ती जाऊ दे भावाकडे, तू राहा. गॅस पेटता ठेव, लाइटचं बिल येऊ दे, भाडं दर महिन्याला भर आणि पावती घे.

रविवारी आरती झाली की जुन्या पावत्या आणि बाबांचा मृत्यूचा दाखला घेऊन ये, पावती नावावर करायचा अर्ज लिहू. तोवर चावी भावाला देऊ नकोस.